सरकारी पाटीखालचा करारनामा

परदेशात शिकवायला जाण्याची भाषा कोणी काढली की स्टाफरूममध्ये एक सल्ला ठरलेला असतो: सरकारी शाळा मिळत असेल तर जा, खासगीच्या वाटेला जाऊ नका. सल्ला देणाऱ्याच्या आवाजात अशी खात्री असते की बीएड करून कित्येक वर्षे विनाअनुदानित तुकडीवर राबलेली शिक्षिका पुढचे काही विचारायचेच विसरते. मुदत किती, व्हिसा कोणाच्या जोरावर, पदवीची मूळ कागदपत्रे कोणाच्या ताब्यात, मध्येच परत यावे लागले तर विमानाचे भाडे कोणाच्या खिशातून, हे सगळे प्रश्न ‘सरकारी’ एवढ्या एका शब्दापुढे गळून पडतात. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो हे खरे, पण त्याने माणसे खड्ड्यात जातात.

त्यामागचा युक्तिवाद असा. सरकार बुडत नाही, म्हणून पगार बुडत नाही. सरकार कामावरून काढत नाही, म्हणून नोकरी टिकते. सरकारी शाळेत तास मोजके आणि सुट्ट्या भरपूर. खासगी शाळा म्हणजे धंदा. ती चार पैसे जास्त देते आणि त्याबदल्यात माणूस पिळून काढते. म्हणून सुरक्षितता हवी असेल तर सरकारी, पैसा हवा असेल तर खासगी. शिक्षकाने आपला स्वभाव ओळखावा आणि दोहोंतून एक निवडावे, झाले.

या मांडणीतले एकही वाक्य जगभरच्या अनुभवापुढे सलग उभे राहत नाही.

आधी तिच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा पाहू. जपानमधली नोव्हा ही एकेकाळची इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी. देशभर शेकडो शाखा, लाखो विद्यार्थी आणि चार हजारांहून अधिक परदेशी शिक्षक. विद्यार्थ्यांकडून ती वर्षावर्षाची फी आगाऊ घेत असे. वर्ग सोडणाऱ्यांना पैसे परत देण्याच्या पद्धतीवरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००७ च्या एप्रिलमध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. जूनमध्ये सरकारने तिच्या व्यवसायाच्या एका भागावर सहा महिन्यांची बंदी घातली. त्यानंतर पगार रखडू लागले आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले. बरेचसे शिक्षक कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. भाडे त्यांच्या पगारातून कापले जात होते, पण ते घरमालकांपर्यंत पोहोचत नव्हते. पगार थांबला त्याच सुमारास घर सोडण्याच्या नोटिसा येऊन पडल्या. शिक्षकांच्या संघटनेने ‘जेवणाच्या बदल्यात शिकवणी’ सुरू केली. बावीस-पंचविशीतली मुले अनोळखी शहरात जेवणासाठी इंग्रजी शिकवत होती.

तेव्हापासून नोव्हाचे नाव खासगीविरुद्धचा शेवटचा शब्द म्हणून घेतले जाते. पण नोव्हाच्या शिक्षकांचे नेमके काय चुकले? मालक खासगी होता, एवढ्यावर हे सगळे घडले का? पगार, घर आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी एकाच्याच हातात होत्या आणि तो हात रिकामा झाला, म्हणून घडले. उलट, त्यातल्या अनेकांना सावरले ते जपानच्या कायद्याने. कंपनी बुडाली तर कामगाराच्या थकलेल्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी योजनेतून मिळू शकतो, आणि ती योजना खासगी नोकरांसाठीच आहे. ज्या शिक्षकांनी पगाराच्या पावत्या जपल्या होत्या, हजेरीची नोंद ठेवली होती, त्यांना अर्ज करणे सोपे गेले. खासगीला नावे ठेवणाऱ्या सल्ल्यात पावती जपून ठेवण्याचे वाक्य कधी ऐकू येते?

त्याच जपानमध्ये सरकारी शाळेतल्या वर्गात उभ्या असलेल्या सहायक शिक्षकाकडे पाहा. १९८७ मध्ये सुरू झालेल्या जेट या सरकारी कार्यक्रमातून आलेल्या परदेशी सहायकांना स्थानिक स्वराज्य संस्था नेमतात. एकेका वर्षाचा करार, जास्तीत जास्त पाच वर्षे. इथवर ठीक. पण अनेक नगरपालिकांची शिक्षण मंडळे हे शिक्षक स्वतः नेमतच नाहीत. ते काम कंत्राटाने कंपन्यांना देतात. शाळा सरकारी, फळा सरकारी, मुले सरकारी शाळेतली, मुख्याध्यापकही सरकारी. शिक्षकाचा करार मात्र खासगी कंपनीशी. दरवर्षी मंडळ निविदा काढते. कंपनीने दर कमी लावला तर कात्री शिक्षकाच्या पगाराला लागते, आणि निविदा दुसऱ्या कंपनीला गेली तर मार्चमध्ये त्याची शाळाच जाते. यातले एक कलम तर मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. कंत्राट ‘काम पूर्ण करून देण्याचे’ असेल तर कायद्याने शाळेतला जपानी शिक्षक या सहायकाला थेट सूचना देऊ शकत नाही. सूचना कंपनीमार्फत यायला हवी. दोघे मिळून एकाच वर्गात शिकवत असतील तर हे पाळायचे कसे? मूल समोर बसले आहे, वाक्य चुकले आहे, आणि दोन शिक्षकांनी एकमेकांशी काय बोलायचे हे निविदेच्या अटी ठरवतात. पूर्वी कित्येक करारांत आठवड्याचे तास तिसाच्या जरा खाली, साडेएकोणतीसवर आणून ठेवलेले असत, कारण त्यापुढे गेले की सामाजिक विम्यात निम्मा वाटा भरणे मालकाला टाळता येत नसे. ‘जपानमध्ये सरकारी शाळेत शिकवतो’ असे गावाकडे सांगणाऱ्या मुलाला आजारपणाचा विमासुद्धा त्याचा त्यालाच भरावा लागे.

मग सरकारी कोण आणि खासगी कोण?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शिक्षकाला तरी नवा वाटायला नको. इथल्या बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या. नेमणूक संस्था करते, पगार सरकारी तिजोरीतून येतो. अनुदानित शाळेतला शिक्षक खासगी संस्थेचा नोकर असूनही निर्धास्त असतो तो कशाच्या बळावर? संस्थाचालकाच्या चांगुलपणावर नक्कीच नाही. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे, शाळा न्यायाधिकरण आहे, बडतर्फ करायचे तर आधी चौकशी करावी लागते. त्याच इमारतीत, त्याच संस्थेच्या विनाअनुदानित तुकडीवर दुसरी शिक्षिका वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर शिकवत असते. दारावरची पाटी दोघींना एकच. आणि ज्या सरकारी नोकरीचे स्वप्न पाहायचे तिथेही नवा शिक्षक आधी तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. २०२३ मध्ये वाढवल्यानंतरही प्राथमिकचे मानधन महिना १६ हजार रुपये. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली, म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला. हे सगळे भोगलेली माणसे परदेशाचा विषय निघताच ‘सरकारी म्हणजे पक्के’ असे कशी म्हणू शकतात?

कोरियाकडे वळू, कारण सरकारी-खासगीचा हा वाद तिथे सर्वांत जोरात चालतो. एका बाजूला १९९५ मध्ये सुरू झालेला एपिक हा सरकारी शाळांसाठीचा कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला हॅगवॉन, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या खासगी शिकवणी-अकादम्या. हॅगवॉनविरुद्धच्या तक्रारी खोट्या नाहीत. दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणारे वर्ग, सुट्टीसाठी विनवण्या, शिक्षकाला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ दाखवून पेन्शनचा वाटा बुडवणे, आणि सगळ्यांत नीच प्रकार म्हणजे अकराव्या महिन्यात कामावरून काढणे. कोरियात वर्ष भरले की कामगाराला साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी सेवासमाप्तीची रक्कम द्यावीच लागते. ती वाचवण्यासाठी वर्ष भरूच द्यायचे नाही. पण लक्षात घ्या, तो हक्क हॅगवॉनच्या शिक्षकालाही आहे. सरकारी शाळेची ही कृपा नसून तो सर्व कामगारांसाठीचा कायदा आहे, आणि कामगार खात्याकडे तक्रार करून ही रक्कम मिळवणारे हॅगवॉनचे शिक्षक आहेत. ज्याला हा कायदा माहीत आहे तो खासगीतही लढू शकतो. ज्याला माहीत नाही त्याचे सरकारी शाळेतही कोणी ऐकत नाही.

सरकार काढत नाही म्हणता? २०११ च्या अखेरीस सोल शहराने सरकारी उच्च माध्यमिक शाळांतले परदेशी इंग्रजी शिक्षक बंद करण्याचे ठरवले. शेजारच्या ग्योंगी प्रांतानेही त्याच सुमारास निधी कापला. शिक्षक वाईट शिकवत होते म्हणून हे झाले नाही. अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना पैसे दुसरीकडे खर्चायचे होते. सरकारी पद एका मतदानात जाते, आणि गेल्यावर ना कंपनी बुडालेली असते ना कोणी फसवलेले असते, त्यामुळे दाद मागायला दारही नसते. एपिकच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल: आठवड्याला २२ तास शिकवण्याची मर्यादा तिथे कागदावर लिहिलेली असते आणि सहसा पाळली जाते. नवख्या शिक्षकाला याचे मोल मोठे आहे. पण तीही पाळली जाते ती करारात लिहिली आहे म्हणून.

शिवाय ही ‘निवड’ सगळ्यांपुढे असते हे कोणी ठरवले? हॅगवॉनमध्ये शिकवण्याचा व्हिसा सात इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टपुरता आहे. भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारातून शाळांतल्या इंग्रजी सहायकाची अरुंद वाट निघाली, तीही अध्यापनाची पात्रता असेल तरच. म्हणजे नाशिकच्या किंवा मडगावच्या शिक्षिकेला सरकारी की खासगी असे कोणी विचारतच नाही. पासपोर्ट पाहूनच दार ठरते. अमेरिकी आणि ब्रिटिश तरुणांसाठी तयार झालेला सल्ला आपल्या लोकांना जसाच्या तसा ऐकवण्यात काय हशील?

आता अमेरिका. तिथल्या सरकारी शाळांत गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांचा तुटवडा आहे, आणि भारतासह अनेक देशांतून तिथे शिक्षक जातात. जिल्ह्याची सरकारी शाळा म्हटल्यावर आपल्याकडे डोळे मिटून सही होते. ज्यांना अशी सही करायची आहे त्यांनी लुइझियानाचा खटला आधी वाचावा. २००७ पासून तिथल्या सरकारी शाळांसाठी एका खासगी एजन्सीमार्फत सुमारे ३५० फिलिपिनो शिक्षक आणले गेले. प्रत्येकाकडून हप्त्याहप्त्याने सोळा हजार डॉलरच्या आसपास घेतले गेले. मायदेशी ही रक्कम त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती. पहिला हप्ता भरून मागे फिरणे अशक्य झाल्यावर दुसऱ्या, त्याहून मोठ्या हप्त्याची मागणी झाली. लोकांनी जबर व्याजाने कर्जे काढली. फी पूर्ण भरेपर्यंत पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद अडवून ठेवले गेले, असे फिर्यादीत नोंदलेले आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ज्युरीने एजन्सीविरुद्ध ४५ लाख डॉलरचा निकाल दिला. शाळा सरकारी होत्या. आणि तरीही ही माणसे कर्जात बुडाली, कारण लूट शाळेच्या फाटकाबाहेर, मायदेशातच सुरू झाली होती.

एजन्सीला दोष देऊन सरकार सुटते म्हणावे, तर मेरिलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे काय? तिथे मालक थेट सरकारी शाळा-जिल्हाच. एच-वन-बी व्हिसाचा जो खर्च कायद्याने मालकाने करायचा, तो जिल्ह्याने शिक्षकांकडून भरून घेतला. अमेरिकेच्या कामगार खात्याने हे पकडले, आणि २०११ च्या तडजोडीत एक हजारावर शिक्षकांना मिळून ४२ लाख डॉलर परत देण्याचे ठरले. न्याय झाला, असे वाटेल. पण शिक्षा म्हणून जिल्ह्याला दोन वर्षे नवे व्हिसा आणि मुदतवाढीचे अर्ज करण्यास बंदी झाली, आणि ज्यांचे पैसे बुडवले गेले होते त्याच शिक्षकांच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा जिल्ह्याला ती वाढवून देता येईना. मुले तिथल्या शाळांत रुळलेली, घरे घेतलेली, आणि अशी शेकडो कुटुंबे अधांतरी. गुन्हा सरकारी मालकाचा होता आणि देश सोडण्याची वेळ शिक्षकावर आली. यानंतरही ‘सरकार बुडवत नाही’ असे तोंड वर करून सांगायचे?

अमेरिकेत एच-वन-बीवरची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसावरही मुदत तेवढीच. या ६० दिवसांत मालक सरकारी होता की खासगी, याने एका दिवसाचाही फरक पडत नाही.

इंग्लंडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतासह नऊ देशांतल्या पात्र शिक्षकांना तिथे पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवण्याची थेट वाट उघडली, मुख्यतः गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी. पण तिथल्या बहुसंख्य माध्यमिक शाळा आता ‘अकॅडमी’ आहेत: पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र न्यासाचा, आणि गेली अनेक वर्षे राष्ट्रीय वेतनश्रेणीचे बंधन नाही. त्यांना कोणत्या खान्यात टाकणार? पेन्शनच्या बाबतीत मात्र सरकारी पैशावरच्या शाळा उजव्या आहेत. अनेक खासगी शाळा शिक्षकांच्या पेन्शन योजनेतून बाहेर पडल्या आहेत, आणि १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागल्यावर लहान खासगी शाळांवरचा ताण वाढला. इंग्लंडमध्ये नोकरी शोधणाऱ्याने हे जरूर पाहावे. पण पाहायचे ते शाळेचे हिशेब आणि पेन्शनचे कलम.

राहिला सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग: पैसा हवा तर खासगी. आखातात मराठी शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, आणि दुबईत तर बहुतेक मुले खासगी शाळांतच शिकतात. त्यामुळे तिथे हा समज सर्वांत महागात पडतो. नेमणुकीच्या पत्रातला एकूण आकडा वाचून लोक रुपयांत गुणाकार करतात आणि तिथेच थांबतात. समजा, पत्रात महिना ५,००० दिरहम लिहिले आहेत. त्यातले मूळ वेतन २,५०० आणि बाकी घरभाडे-प्रवास भत्ते. दुसऱ्या शाळेच्या पत्रातही ५,०००, पण मूळ वेतन ४,०००. दोन्ही पत्रे सारखीच दिसतात. अमिरातीच्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाएवढी. पहिल्या शाळेत पाच वर्षांनी हाती येतील ८,७५० दिरहम, दुसरीत १४,०००. एवढा फरक एका ओळीने पडतो, आणि ती ओळ सही करण्याआधी बदलून मागता येते. पगार सरकारने लावून दिलेल्या वेतनसंरक्षण व्यवस्थेतून बँकेत येतो का, पासपोर्ट स्वतःकडे राहतो का, भरतीची फी मालक भरतो का, हेही त्याच वेळी विचारायचे. तिथे कामगाराकडून भरतीचे पैसे घेणे बेकायदा आहे आणि पासपोर्ट ठेवून घेणेही. दुबईतल्या खासगी शाळांचे तपासणी अहवाल जाहीर झालेले आहेत. ते वाचायला पैसे पडत नाहीत.

आणि आखातातल्या सरकारी नोकरीचे म्हणाल, तर कुवेतने २०१७ मध्येच सरकारी खात्यांतल्या परदेशी माणसांच्या जागी टप्प्याटप्प्याने स्वतःचे नागरिक आणण्याचे धोरण जाहीर केले. त्या देशाने आपल्या तरुणांना आधी काम द्यावे यात गैर काही नाही. पण परक्या देशाच्या सरकारी नोकरीत परका माणूस कायमचा असतो, ही समजूत कुठून आली? जिथे मतदार तुम्ही नाही, तिथले सरकार तुमचे मायबाप होत नाही. तुमच्यापुरते तेही एक मालकच.

म्हणून ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्नच शिक्षकांपुढे टाकणे थांबले पाहिजे. तो टाकला की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूस करारनामा वाचत नाही. करारावर सही नेमकी कोणाची, व्हिसा त्या मालकाला किती बांधलेला, नोकरी बदलायची तर कोणाची परवानगी लागते, वाद झाला तर कोणत्या देशाच्या कोणत्या खात्याकडे जायचे, आणि भरतीसाठी एक रुपया जरी मागितला तर तो कशाचा: या प्रश्नांच्या उत्तरांवर शिक्षक तरतो किंवा बुडतो. भारतात नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे आणि परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चे कार्यालय मुंबईतच आहे. ‘परदेशातील सरकारी शाळा’ म्हणून दोन-तीन लाख मागणारा माणूस समोर बसला असेल, तर त्याची लबाडी ओळखायला सोल किंवा दुबईची माहिती लागत नाही. त्याचा परवाना क्रमांक विचारला तरी पुरते. आणि हा क्रमांक विचारायचा असतो हेच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

बीएड महाविद्यालयांत ‘परदेशातील संधी’ या विषयावर व्याख्याने होतात. तिथे परदेशी शाळेचा एक खराखुरा करारनामा, नावे झाकून, पडद्यावर लावून कलमाकलमाने वाचून दाखवायला हवा. आणि ‘सरकारीच घ्या’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी समोरच्या शिक्षिकेला सल्ला देण्याआधी तिच्या हातातले पत्र मागून घ्यावे आणि तिच्याबरोबर बसून पहिल्या पानापासून सहीच्या रेघेपर्यंत वाचावे.